चांदीकाम शिकताना आधी तांब्यावर हात बसवा

खानापूर तालुक्यातील एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र मोठे असल्याने त्यातला आवश्यक भाग तेवढा येथे देत आहे.

“मी खासगी शाळेत चित्रकला शिकवते. दिवाळीच्या सुटीत पुण्याला दोन दिवसांच्या कार्यशाळेत चांदीची अंगठी केली आणि तेव्हापासून हेच काम शिकायचे असे मनाने घेतले आहे. घरी छोटी गॅस टॉर्च, 925 चा पत्रा आणि सांधा जोडायचा डाख आणला. पण डाख गोळी होऊन बसतो, वाहतच नाही. एकदा तर अंगठीच वितळली. जी एक नीट जुळली ती आम्लाच्या पाण्यातून गुलाबी होऊन बाहेर आली. माझे दीर कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात आहेत. ते म्हणतात, आपण गाळणारे लोक, घडवणे हे सोनाराचे काम. मुंबईला महागडा अभ्यासक्रम करावा, की हुपरीला एखाद्या कारागिराकडे जावे? आजेसासूबाईंचे चांदीचे तोडे पडून आहेत, ते वितळवून सराव करावा का? यजमान जिल्हा परिषदेत नोकरीला आहेत. विश्वकर्मा योजनेत माझे नाव घालता येईल का? आणि विकण्याजोगे काम किती दिवसांत जमेल?”

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील पहिल्या दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटत असल्या तरी त्या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत, म्हणून सुरुवात तेथूनच करतो. सर्व धातूंमध्ये चांदी ही उष्णतेची सर्वांत चांगली वाहक आहे. त्यामुळे सांध्यावर ज्योत रोखून धरली तरी तेथे दिलेली उष्णता तेथे थांबत नाही; ती अंगठीभर पसरते आणि सांध्याजवळचा धातू आपल्याला वाटतो तितका तापलेला नसतो. डाखाचा कण मात्र इवलासा असतो, तो थेट ज्योतीखाली क्षणात वितळतो आणि आजूबाजूची चांदी थंडच असल्यामुळे तिला न चिकटता स्वतःभोवती गोळा होऊन बसतो. डाख वाहत नाही असे पाहून शिकणारा माणूस ज्योत आणखी जवळ नेतो, आणि मग एकदम सगळेच हातातून जाते. याचे कारण आकड्यांत आहे. शुद्ध चांदी 962 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. पण आपण आणलेला 925 चा पत्रा, ज्यात हजार भागांत 925 भाग चांदी आणि उरलेले बहुधा तांबे असते, तो सुमारे 800 अंशांनाच आतून ढिला पडू लागतो आणि 890 च्या पुढेमागे पूर्ण पातळ होतो. हार्ड, मीडियम आणि इझी अशा नावांनी मिळणारे डाख, बनवणाऱ्याप्रमाणे थोडाफार फरक धरून, 700 ते 790 अंशांच्या दरम्यान वाहतात. म्हणजे सर्वांत जास्त आच लागणारा हार्ड डाख वाहणे आणि अंगठी हातची जाणे यांत फारच थोडे अंतर असते, आणि ते अंतर ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो.

त्यासाठी तीन गोष्टी करा. पहिली म्हणजे सांधा. डाख ही फट बुजवायची लांबी (पुट्टी) नव्हे. दोन कडा एकमेकींना पूर्ण टेकलेल्या असतील तरच तो त्यांच्यामध्ये ओढला जातो. अंगठी गोल करून कडा जुळवल्या की ती खिडकीपुढे धरा आणि सांध्यातून उजेडाची रेघ दिसते का ते पाहा. दिसली तर ज्योत पेटवू नका, कानस घ्या. कडा जुळूनही सुटत असतील तर त्या एकमेकींच्या किंचित पुढे नेऊन परत आणा, म्हणजे धातूच्या ताणानेच त्या घट्ट बसतील. दुसरी गोष्ट टाकणखाराची (बोरॅक्सची). तो फक्त सांध्यापुरता न लावता सगळ्या अंगठीवर पातळ लावा, आणि तापताना त्याच्याकडे बघत राहा: आधी तो फुगतो, पांढरा फेस धरतो, मग खाली बसतो आणि शेवटी काचेसारखा स्वच्छ होतो. तो काचेसारखा झाला की डाख वाहण्याची वेळ जवळ आली असे समजावे. तिसरी गोष्ट ज्योतीची. ती मऊ आणि फुगीर ठेवून सांध्याच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करा, सतत फिरवत राहा, आणि संपूर्ण अंगठी सारखी तापली की मगच क्षणभर सांध्याकडे वळा. डाख नेहमी अधिक तापलेल्या जागेकडे धाव घेतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की त्याला कोठे न्यायचे ते आपल्या हाती येते. आणखी एक सांगायचे तर अंगठी जाड लोखंडी चिमट्यात धरून झाळू (डाखाने जोडू) नका, चिमटा निम्मी उष्णता खाऊन टाकतो. सपाट कोळशावर किंवा मऊ भट्टीच्या विटेवर ठेवा, आणि खोलीतला उजेड जरा कमी करा, कारण भर उजेडात चांदीची मंद लाली दिसतच नाही.

गुलाबी अंगठीचे कारण मात्र अगदी वेगळे आहे. आपण अंगठी आम्लाच्या पाण्यातून काढताना लोखंडी किंवा स्टीलचा चिमटा वापरला असणार, किंवा अंगठीला बांधलेली लोखंडी तार तशीच आत गेली असणार. झाळलेली चांदी त्या पाण्यात टाकली की तिच्या पृष्ठभागावरचा तांब्याचा ऑक्साइड पाण्यात विरघळतो. तेथे लोखंड आले की हेच विरघळलेले तांबे परत धातूरूपाने चांदीवर बसते. तो थर फार पातळ असतो, बारीक पॉलिश पेपरने निघून जातो. पुढच्या वेळेपासून तांब्याचा, बांबूचा किंवा प्लॅस्टिकचा चिमटा वापरा म्हणजे झाले. याच्याशी गल्लत होऊ नये म्हणून सांगतो: चकाकी दिल्यावर चांदीच्या अंगात ढगासारखे करडे-जांभळट डाग दिसू लागले तर ते वरचे तांबे नसून फार वेळ किंवा टाकणखार न लावता तापवल्यामुळे आतपर्यंत शिरलेला ऑक्साइड असतो. तो खरवडून काढावा लागतो, किंवा अंगठी पुन्हा पुन्हा मंद तापवून आम्लात टाकत वरचा थर शुद्ध चांदीचा करावा लागतो. जुने कारागीर चांदी उजळतात ती बव्हंशी या दुसऱ्या रीतीनेच.

आम्ल म्हणून आपण गंधकाम्ल वापरत असाल तर ते घरातून काढून टाका असाच माझा आग्रह राहील. औषधांच्या किंवा किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक ॲसिड एक लिटर गरम पाण्यात शंभरेक ग्रॅम घातले की तेच काम जरा सावकाश पण नीट होते. लाल तापलेली वस्तू त्यात थेट टाकू नका. आधी साध्या पाण्यात विझवा.

आता मूळ सल्ल्याकडे येतो, आणि तो कदाचित आपल्याला आवडणार नाही. घरातला चांदीचा पत्रा पेटीत ठेवून द्या आणि पुढचे काही महिने तांब्यावर काम करा. चांदीचा भाव 2025 सालात किलोला एक लाख ओलांडून कितीतरी पुढे गेला. इतक्या महाग धातूवर शिकणारा माणूस जपून, भीत भीत काम करतो, आणि भीत भीत केलेल्या कामातून हात तयार होत नाही. तांबे उष्णता वाहून नेण्यात चांदीच्या खालोखाल आहे, हातोडीखाली ते साधारण तसेच वागते, तापवले की तसेच मऊ होते, आणि त्याला चांदीचाच डाख चालतो. शिवाय त्याचा एक फायदा असा की लाल तांब्यावर पांढरा डाख लपत नाही. चांदीवर चांदीचा डाख कोठवर पसरला ते नवशिक्याला दिसत नाही. तांब्यावर मात्र तो सांध्यात भरला, की बाहेर सांडला, की एका कडेवर चढून बसला, ते सगळे लख्ख वाचता येते. एक सावधगिरी मात्र बाळगा. तांबे 1,085 अंशांना वितळते, म्हणून ते जास्तीची आच माफ करते आणि चांदी करत नाही. तेव्हा तांब्यावरही डाख चमकून वाहिला की त्याच क्षणी ज्योत दूर नेण्याची सवय लावा. ज्योत पाव मिनिट जास्त राहिली तरी बिघडले नाही, असे मनात येऊ देऊ नका.

तांब्यावर काय करायचे हेही ठरवून घ्या, कारण शिकणारे बहुतेक जण येथेच भरकटतात आणि दर आठवड्याला एक नवे तंत्र धरतात. मी एकच वस्तू सुचवेन: साधी, सपाट पट्टीची अंगठी, आणि तीच पुन्हा पुन्हा. तिच्यात मोजणे, करवतीने कापणे, कानसणे, मऊ करणे, वाकवणे, झाळणे, गोल करणे आणि चकाकी देणे हे सारे आले. मापाचे गणित सोपे आहे, पण त्यात जाडी धरायला लोक विसरतात. आतला व्यास 17 मिलिमीटर हवा असेल आणि पत्रा 1.2 मिलिमीटर जाड असेल तर दोन्हींची बेरीज 18.2 होते, तिला 3.14 ने गुणले की पट्टीची लांबी 57 मिलिमीटरच्या किंचित पुढे येते. जाडी न धरता कापली तर अंगठी जवळजवळ चार मिलिमीटर आखूड कापली जाते आणि बोटात शिरत नाही. ही अंगठी हातात बसली की मग जोडव्याकडे वळा. उघड्या तोंडाच्या जोडव्याला झाळ लागत नाही, पण तार गोल ठेवून सारखी वळवणे, टोके निमुळती करणे आणि दोन्ही पायांची जोडी हुबेहूब जुळवणे यात आपली खरी परीक्षा होईल. तुकड्यातुकड्यांची साखळी, जंतरातून (तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढलेल्या तारेचा गोफ, खड्याचे कोंदण हे सगळे त्यानंतरचे.

मऊ करण्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण कार्यशाळांतून त्याला नेमका वेळ दिला जात नाही. ठोकलेला, वाकवलेला किंवा जंतरातून ओढलेला धातू कडक होत जातो. हाताला तो उसळतो, हातोडीचा आवाज टणक येऊ लागतो, आणि तसाच पुढे रेटला तर कडेला चीर जाते. तेव्हा काम थांबवून तो तापवायचा आणि पुन्हा मऊ करायचा. 925 ची चांदी 600 ते 650 अंशांना, म्हणजे अंधारात जेमतेम दिसेल इतक्या मंद लालीला, मऊ होते. ही लाली ओळखता येईपर्यंत एक युक्ती वापरा: पक्क्या शाईच्या मार्करने पत्र्यावर रेघ ओढा, ती रेघ नाहीशी झाली की ज्योत काढून घ्या. लाली पूर्ण जाऊ द्या आणि मग पाण्यात विझवा.

हत्यारांची यादी आपण मागितली नाही, तरी थोडक्यात सांगतो, कारण या नादाला लागलेला माणूस आधी हत्यारांवर पैसे घालवतो. करवतीची चौकट आणि 2/0 क्रमांकाची पाती, दोन कानशी, गुळगुळीत तोंडाची एक हातोडी, लाकडी किंवा कातडी हातोडा, निमुळती अंगठी-सळई, लोखंडाचा एक सपाट ठोकळा, दोन पकडी आणि व्हर्निअर कॅलिपर एवढ्यावर वर्ष निघते. हे सारे कोल्हापूरच्या गुजरीत सोनारकामाचे सामान विकणाऱ्यांकडे पाहून, हातात धरून घेता येईल; फोटो पाहून मागवू नका, कारण हातोडीचे वजन फोटोत कळत नाही. पत्रा लाटायचे रोलर यंत्र तर मुळीच घेऊ नका. एखादा कारागीर थोडी मजुरी घेऊन पत्रा लाटून देतो.

डाख घेताना मात्र कसर करू नका. त्यात कॅडमियम नाही, हे विचारून आणि शक्य तर बिलावर लिहून घ्या. कॅडमियमचा डाख सहज वाहतो म्हणून तो पूर्वी सर्रास वापरला जाई, पण त्याचा धूर फुफ्फुसांना आणि मूत्रपिंडांना कायमची इजा करतो, आणि त्याला ओळखू येईल असा उग्र वासही नसतो. साध्या डाखालाही खिडकी उघडी आणि धूर बाहेर ओढणारा पंखा हवाच. केस बांधलेले असावेत, अंगावर सुती कपडे असावेत, पदर किंवा ओढणी खोचलेली असावी, आणि शाळेतून आल्यावर थकल्या अंगाने ज्योत पेटवू नये. पॉलिशची मोटर पुढे कधी घेतलीत तर साखळी बोटांना गुंडाळून तिच्यावर कधीही धरू नका. ब्रशमध्ये अडकलेली साखळी बोटासकट ओढली जाते.

आता शिकायचे कोठे? मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरीसारख्या संस्था आहेत, सर ज. जी. कला महाविद्यालयात धातुकामाचे शिक्षण आहे. वीस वर्षांच्या मुलीने विचारले असते तर मी तिकडेच बोट दाखवले असते. आपली नोकरी आणि घर सांभाळून सहा महिने मुंबईला राहणे, आणि तेही या टप्प्यावर, मला पटत नाही. तरी कोणत्याही खासगी वर्गाला पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारा: दर विद्यार्थ्याला स्वतंत्र बैठक आणि टॉर्च आहे का, एकूण तासांपैकी प्रत्यक्ष हातकामाचे तास किती आणि संगणकावरच्या रेखाटनाचे किती, आणि बिघडलेली वस्तू विद्यार्थ्याकडूनच दुरुस्त करून घेतात की शिक्षक पटकन नीट करून हातात देतात. आपली पुण्यातली अंगठी कशी झाली असेल, याचा अंदाज या शेवटच्या प्रश्नावरून आपल्याला येईल.

हुपरी आपल्याला जवळ आहे आणि तेथे जाण्याचा विचार चांगला आहे, फक्त काय मिळेल ते समजून जा. हुपरीची चांदी म्हणजे मुख्यतः पैंजण, आणि हे काम वाटून होते: कोणी तार ओढतो, कोणी कड्या करतो, कोणी झाळतो, कोणी घुंगरू लावतो, कोणी उजाळा देतो. एका घरी बसून सगळा दागिना शिकायला मिळेल असे नाही, आणि धंद्याच्या घाईत कोणी आपल्याला पाठ देत बसणार नाही. पण झाळणाऱ्या माणसाशेजारी सुटीचे चार दिवस नुसते बसायला मिळाले तरी, ज्योत किती लांब, डाख किती बारीक, हात कधी थांबतो, हे जे दिसेल ते कोणत्याही वर्गात दिसणार नाही. ओळखीतून जा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, काम चालू असताना प्रश्न विचारू नका, आणि परवानगीशिवाय व्हिडिओ घेऊ नका.

दीरांचे म्हणणे मनाला लावून घेऊ नये. उलट आपल्यासारखा जोर फार थोड्या नवशिक्यांना असतो. खानापूर-आटपाडीकडची माणसे देशभरच्या सराफ बाजारांत गलाई करतात आणि चांदीचा टंच (शुद्धता) व घट (कामात होणारी तूट) यांची त्यांची समज भल्याभल्या कारागिरांना नसते. त्यांच्याकडून तीन गोष्टी शिकून घ्या: कसोटीवर कस कसा पाहतात, मुशीत चांदी केव्हा ओतायला तयार झाली हे कसे ओळखतात, आणि तांबे किती मिसळायचे. शंभर ग्रॅम शुद्ध चांदीला 8.1 ग्रॅम तांबे घातले की 925 होते, हा हिशेब त्यांना तोंडपाठ असेल. नत्राम्लाने करायचे शुद्धीकरण मात्र त्यांच्या भट्टीवरच राहू द्या, त्याचा तांबूस धूर घरात नको. आपल्या कानशीचा कीस आणि करवतीचा भुगा कातड्यावर गोळा करून बरणीत साठवा. झारेकरी सोनाराच्या दुकानासमोरची माती धुऊन पोट भरत आले आहेत, त्यावरून त्या भुग्याची किंमत ध्यानात यावी. तांब्याचा आणि चांदीचा कीस एकत्र होऊ देऊ नका, नाहीतर वर्षाच्या शेवटी दीर आपल्याला बोल लावतील आणि ते रास्तच असेल.

तोड्यांबद्दल माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे, आणि ते केवळ भावनेपोटी नाही. जुन्या दागिन्यांचा टंच माहीत नसतो, त्यांच्या सांध्यांतला डाख कसला आहे हेही माहीत नसते, आणि तो सगळा वितळून एकत्र झाला की ठोकताना भेगा पडणारी, आचेला कशीही वागणारी चांदी हाती येते. नवशिक्याला चूक आपली की धातूची हे कळेनासे होते. शिवाय तोडे कसे घडवले आहेत हे पाहण्यासाठी ते तसेच राहणे जास्त उपयोगाचे. भिंगाखाली त्यांचे सांधे शोधून पाहा.

विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली आणि तिच्या अठरा व्यवसायांत सोनार आहे हे खरे; पण ती हा व्यवसाय आधीपासून स्वतः करणाऱ्या पारंपरिक कारागिरांसाठी आहे, आणि सरकारी नोकरीतील व्यक्ती व त्यांचे कुटुंबीय तिच्यात बसत नाहीत. यजमानांची जिल्हा परिषदेतील नोकरी पाहता अर्ज करण्यात वेळ घालवू नये. कोणी पैसे घेऊन नाव घालून देतो म्हणाले तर दार लावून घ्या.

राहिला विक्रीचा प्रश्न. दिवस सांगता येणार नाहीत, पण खूण सांगता येते: त्याच मापाच्या पाच अंगठ्या ओळीने करा; पाचांचाही सांधा भिंगाखाली शोधावा लागला आणि एकही अंगठी आडवी-तिडवी झाली नाही, तर आपण पैसे घ्यायला हरकत नाही. चांदीवर हॉलमार्क आजही ऐच्छिक आहे, आणि 1 सप्टेंबर 2025 पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवरही ओळख क्रमांक येऊ लागला आहे; नोंदणी न करता तो शिक्का किंवा त्याच्यासारखे दिसणारे काहीही वस्तूवर उठवू नका. बिलावर वजन आणि टंच लिहा, आणि टंच लिहिताना हे विसरू नका की डाखात चांदी कमी असते. सांध्यांवर तो सढळ हाताने घातलात तर 925 चा पत्रा वापरूनही वस्तू 925 भरणार नाही. भाव ठरवताना सराफासारखी ग्रॅमवर मजुरी लावू नका. चार ग्रॅमच्या जोडव्यांना आपले तीन तास जात असतील तर ग्रॅमच्या हिशेबाने आपल्या पदरी काहीच पडत नाही. चांदीचा त्या दिवसाचा भाव, वर घट, आणि आपल्या तासांचा ठरलेला दर, असे तीन आकडे वेगवेगळे लिहून गिऱ्हाइकाला दाखवा.